परदेशातून परतल्यावर जुने थकीत कर्ज आणि जामीनदार मामा

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)

२०१५ साली मी येथील एका बँकेकडून साडेचार लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले आणि वर्षभरात नोकरीसाठी मस्कतला गेलो. २०१७ मध्ये तेथील नोकरी गेली, हप्ते थांबले, आणि दुसरी नोकरी लागल्यावरही मी बँकेला तोंड दाखवले नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे. गेल्या महिन्यात कायमचा परत आलो. जामीनदार असलेल्या मामांनी देवघराखालच्या खणातून बँकेची अकरा पाकिटे काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांतली सात फोडलेलीही नव्हती. मामेभावाच्या गृहकर्जात मामा सहकर्जदार होणार होते, परंतु सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात हीच थकबाकी निघाली आणि ते कर्ज नामंजूर झाले.

मित्र म्हणतात, तीन वर्षे उलटली की कर्ज बुडीत, आता गप्प बसावे. वसुली अधिकारी म्हणतात, आज पाच हजार भरा, तुम्ही दोघे एका कागदावर सही करा, पुढचे नंतर पाहू. व्याजासह मागणी ११ लाख ४० हजारांची आहे आणि माझ्याजवळ सहा लाख आहेत. मामांना यातून मोकळे कसे करावे?

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी, रावपुरा)

मित्रांच्या भरवशावर राहू नका. पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते हे खरे, पण १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १५ नुसार प्रतिवादी भारताबाहेर राहिला तेवढा काळ त्या मुदतीतून वगळला जातो. म्हणजे आपली मस्कतची वर्षे आपल्या उपयोगी पडणार नाहीत.

मामांचे तसे नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, मात्र मामा सारा काळ बडोद्यातच असल्याने त्यांच्यावरील दाव्याची मुदत वेगळी मोजावी लागेल, आणि त्यात बँकेने त्यांच्याकडे मागणी कधी केली याला फार महत्त्व येईल. म्हणून सगळी पाकिटे फोडून तारखेनुसार लावा आणि वकिलांना दाखवा. तोपर्यंत मामांनी कशावरही सही करू नये, एक रुपयाही भरू नये. मुदत चालू असताना दिलेली लेखी कबुली किंवा भरलेली किरकोळ रक्कम नवी मुदत सुरू करू शकते. मुदत संपल्यावरही सहीनिशी दिलेले परतफेडीचे वचन करार कायद्याच्या कलम २५ खाली बंधनकारक ठरते. ते पाच हजार एवढ्याचसाठी मागितले जात आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ (कारेलीबाग)

मी यातून गेलो आहे. एकरकमी तडजोड करून, म्हणजे मागणीपेक्षा कमी रकमेत एकदम कर्ज मिटवायचे ठरवून, मी बँकेने सांगितलेली रक्कम भरली, पण बँकेच्या पत्रात जामीनदाराचा उल्लेख नव्हता आणि आठ महिन्यांनी माझ्या मेहुण्याच्या दारी पुन्हा नोटीस आली. तडजोडीच्या पत्रात रक्कम, भरण्याची अंतिम तारीख आणि ‘कर्जदार व जामीनदार दोघेही मुक्त’ हे शब्द असल्याशिवाय पैसे देऊ नका. रक्कम आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यातच भरा, वसुली प्रतिनिधीच्या हाती रोख नको. नंतर दोघांच्या नावाने बेबाकीचा, म्हणजे नो-ड्यूजचा दाखला घ्या. तडजोडीनंतर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, ‘क्लोज्ड’ अशी नाही, आणि पुढचे कर्ज देणारी बँक हा फरक पाहते. मामेभावाला याची कल्पना आधीच द्या. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

प्रश्नकर्ता

काल रात्री मामांसोबत बसून पाकिटे लावली. मामांच्या नावाची पहिली नोटीस डिसेंबर २०१७ ची आहे. तडजोडीच्या अर्जावर त्यांचीही सही घ्यावी का?

उत्तर १

घेऊ नये. अर्ज आपल्या एकट्याच्या सहीने, वकिलांच्या नजरेखालून घालूनच द्या, त्यात जामीनदाराच्या मुक्ततेची मागणी लिहा आणि शाखेचा शिक्का असलेली पोच घेऊन ती त्याच पाकिटांसोबत ठेवा.