‘एक्स्पोजर’साठी नेमका शब्द कोणता?

लिहिती: चुलीचा धूर आणि गर्भारपण या विषयावरील एका मोठ्या चाचणीचा गोषवारा मी शिरूरकडच्या आशाताईंसाठी मराठीत आणते आहे. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथील सुमारे ३,२०० गर्भवतींपैकी निम्म्या जणींना गॅसची शेगडी आणि सिलिंडर मोफत पुरवले गेले. बाकीच्यांचा स्वयंपाक चुलीवरच होत राहिला. त्यातल्या ‘एक्स्पोजर’साठी मी ‘धुराशी संपर्क’ असे लिहिले होते, पण मसुदा वाचून एका ताईंनी विचारले, “म्हणजे हे एकीपासून दुसरीला होतं का?” करोनापासून ‘संपर्क’ म्हटले की लागणच डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवावा.

जुना कोश: ‘उद्भासन’ वापरावा. नव्या ज्ञानाला नवे शब्द घडवले नाहीत, तर मराठी केवळ घरगुती वापराची भाषा उरेल.

पाषाणकर: ‘भास्’ म्हणजे प्रकाशणे, तो धातू धुराला कसा चालावा? आपल्याकडे घडीव शब्द आहेतच : ऊन लागते, थंडी बाधते, काकडीसुद्धा बाधते. ‘धुराची बाधा’ म्हणा, कोणत्याही बाईला कळेल.

लिहिती: अडचण नेमकी तिथेच आहे. ‘ऊन लागले’ म्हणताना आपण उन्हात वावरणे आणि त्याने आजारी पडणे या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात सांगतो, तर या चाचणीचे सारे महत्त्व त्या दोन गोष्टी वेगळ्या मोजण्यात आहे. बायकांच्या अंगावर छोटे उपकरण देऊन २४ तासांत त्यांच्या वाट्याला आलेले सूक्ष्मकण मोजले, तेव्हा चुलीच्या गटात मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घनमीटरमागे ७०.७ मायक्रोग्रॅम आला आणि गॅसच्या गटात २३.९. एवढा फरक पडूनही बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. ‘बाधा कमी झाली’ असे लिहिले, तर जे सिद्ध झाले नाही तेच मी ताईंना सांगेन.

श्वसनरोगवाला: दवाखान्यात आम्ही ‘एक्स्पोजर’च म्हणतो, पण पेशंटला विचारताना “चुलीपुढे किती वर्षं काढलीत?” असे विचारतो. हा प्रश्न टाळता येत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले होते की सीओपीडी या श्वासमार्ग अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. त्यामुळे ‘धुरातला वावर’ लिहावे असे मी सुचवतो.

जुना कोश: वावर माणसाचा असतो. रांगत्या बाळाच्या नाकात धूर जातो, त्याला वावर कसे म्हणणार? शिवाय ‘वावर’ म्हणजे शेत, हेही शिरूरकडे कोणी विसरणार नाही.

पाषाणकर: शेताचा ‘वावर’ नपुंसकलिंगी आहे, हा पुल्लिंगी, वाक्यात घोटाळा होत नाही. मला मात्र ‘गॅसची शेगडी’ खटकते. शेगडी कोळशाची, माझ्या मते तिचे मूळ संस्कृत ‘शकटी’त, म्हणजे निखाऱ्यांच्या गाडीत आहे.

श्वसनरोगवाला: कोथरूडपासून शिरूरपर्यंत आज शेगडी म्हटले की गॅसचीच समजतात. मूळ काहीही असो, लोकांनी शब्द पुढे नेला आहे.

जुना कोश: लोकांनी नेला म्हणून कोशाने जुना अर्थ सोडायचा नसतो. कोळशाच्या शेगडीचा धूर अजून कित्येक घरांत आहे, तेव्हा तिला वेगळे नाव कोणते देणार?