बालमानसोपचारातील उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती: एमबीबीएसच्या विद्यार्थिनीला सल्ला हवा आहे

आर्द्रा_नागपूर
नमस्कार. मी विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. काही दिवसांपूर्वी मानसोपचार विभागाच्या ओपीडीत बसण्याची संधी मिळाली, तेव्हा एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तो सगळा वेळ टेबलाखाली बसून खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक फिरवत होता, आणि आई पुन्हा पुन्हा सांगत होती, "काहीतरी वेगळं आहे हे मला दोन वर्षांपासून कळत होतं, पण मुलगे उशिरानेच बोलतात म्हणून सगळ्यांनी मला गप्प केलं." स्वमग्नतेचे निदान त्या दिवशी झाले. मधली दोन वर्षे कुठे गेली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

या विषयात विद्यार्थिदशेतच थोडे संशोधन करावे अशी इच्छा आहे. अमेरिकेतील बालमानसोपचार संघटनेच्या उन्हाळी फेलोशिपविषयी वाचले. आपल्याला तेथे अर्ज करता येतो का? येत नसेल तर भारतात कोणता मार्ग आहे? कृपया मार्गदर्शन करावे.

ओहायोकर
अमेरिकन अकॅडमी ऑफ चाइल्ड अँड ॲडोलसंट सायकियाट्रीची ही फेलोशिप मी येथे शिकत असताना केली आहे. तिचा कालावधी जास्तीत जास्त 12 आठवड्यांचा असतो आणि ती अमेरिकेतील मान्यताप्राप्त वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्यांनाच मिळते, त्यामुळे तुम्हाला अर्ज करता येणार नाही. व्यसनाधीनतेवरील संशोधनासाठी जीन स्परलॉक यांच्या नावाने असलेली फेलोशिपही येथील अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे.

तरीही तिच्या रचनेतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अर्जाच्या आधी विद्यार्थ्याने मार्गदर्शक बालमानसोपचारतज्ज्ञ शोधलेला असावा लागतो आणि कामाचा आराखडा त्या दोघांनी मिळून लिहायचा असतो. माझा पहिला आराखडा मी एकट्याने लिहिला होता. मार्गदर्शकांनी त्यातले दोन तृतीयांश काढून टाकले आणि जे उरले तेवढेच उन्हाळ्यात पूर्ण झाले. आणखी एक सांगतो: पैसे भरून परदेशात ऑब्झर्व्हरशिप मिळवून देणाऱ्या जाहिराती तुमच्या पाहण्यात येतील. नुसते पाहत बसणे म्हणजे संशोधन नव्हे. त्यासाठी आईवडिलांना खर्चात पाडू नका.

डॉ_मनस्वी_पुणे
तुमच्यासाठी योग्य मार्ग म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. ही योजना 1979 पासून चालू आहे. काम दोन महिन्यांचे असते, ते आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली करायचे असते, आणि अंतिम वर्षाच्या किंवा इंटर्नशिपमधील विद्यार्थ्यांना त्यात घेत नाहीत. म्हणून आता वेळ दवडू नका. विद्यावेतन आणि प्रमाणपत्र अहवाल मंजूर झाल्यावर मिळते, तेव्हा झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च त्यावर अवलंबून ठेवू नये.

विषय शोधायला तुम्हाला कोठे जावे लागणार नाही, तो तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिला आहे. पालकांना पहिली शंका आली तेव्हा मुलाचे वय किती होते, निदान झाले तेव्हा किती होते, आणि मधल्या काळात ते कोणाकोणाकडे गेले, एवढेच विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तुमच्याकडे आलेले मूल त्या वाटेने आले की नाही, हे कळले तरी त्या आईच्या प्रश्नाला हात घातल्यासारखे होईल.

आता आकडा मांडून पाहा. बहुतेक ठिकाणी मुलांची विशेष ओपीडी आठवड्यातून एकदा असते. दोन महिन्यांत असे आठ-नऊ दिवस मिळतील, आणि दर खेपेला पाच पालक बोलायला तयार झाले तर चाळीसच्या आसपास मुलाखती होतील. प्रपोजलमध्ये दोनशे लिहू नका. तीव्रता मोजण्यासाठी नवीन चाचणी न घेता, दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी भरलेले आयसा या भारतीय मापनश्रेणीचे गुण केसपेपरमधून घेता येतील. तिच्यात 40 बाबी असतात आणि 70 पासून पुढचे गुण स्वमग्नता दर्शवतात.

सह्याद्रीपुत्र
वरील सल्ल्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. मी शाळेतील मुलांच्या वर्तनसमस्यांवर प्रपोजल दिले होते. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडली तेव्हा एप्रिल संपत आला होता. मे महिन्यात शाळांना कुलपे, आणि जूनमध्ये मुख्याध्यापक प्रवेशांत गुंतलेले. सुट्टीत काम करायचे असेल तर शाळा नको, ओपीडीच बरी.

संमतीचेही आधीच ठरवून ठेवा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे 18 वर्षांपर्यंत लेखी सहमती लागते. तुम्ही फक्त पालकांशी बोलणार असलात, तरी बोलण्यातून मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली तर पॉक्सो कायद्याने ती कळवणे बंधनकारक आहे. म्हणून "तुमचे बोलणे कोणालाही सांगणार नाही" असे सरसकट वचन संमतिपत्रात लिहू नये.

मांडवी
गोव्यातील संगत या संस्थेचे काम अवश्य वाचावे. गोवा आणि रावळपिंडी येथे 65 स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसह झालेला त्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात पालकांना शिकवणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. निदानानंतर काय करता येते हे त्यावरून समजते.

आर्द्रा_नागपूर
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सोमवारी विभागातील मॅडमना भेटणार आहे. दोन शंका आहेत. पालकांना महिने नीट आठवत नाहीत. आणि काही मुलांना आजीच घेऊन येते, तर अशी मुले वगळावीत का?

डॉ_मनस्वी_पुणे
महिने विचारूच नका. जावळ, पहिला वाढदिवस, बोरन्हाण, धाकट्याचा जन्म, शेजारचे लग्न, अशा खुणा धरून विचारा: तेव्हा हाक मारली की वळून बघायचा का, बोट दाखवून मागायचा का? नंतर वय तुम्ही काढा, आणि कोणत्या खुणेवरून काढले तेही लिहून ठेवा. आजीला वगळू नका. पुष्कळ घरांत सर्वांत आधी तिच्याच लक्षात आलेले असते. मात्र उत्तर कोणी दिले याचा एक रकाना पहिल्या फॉर्मपासून ठेवा, कारण तो मागाहून भरता येत नाही.