मदत हवी आहे : ब्राउझर, सर्च इंजिन आणि संकेतस्थळ यांतला फरक ज्येष्ठांना कसा समजावून सांगावा?

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून दर शनिवारी आमच्या वाचनालयात सात-आठ ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल वापरायला शिकवतो. हात बसतो, पण शब्दांपाशी गाडी अडते. एका आजींनी मागच्या वेळी वहीत प्रश्न लिहून आणला होता, "गूगल म्हणजेच इंटरनेट ना?" मी इंटरनेटला रस्ता, संकेतस्थळाला दुकान आणि ब्राउझरला, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या ॲपला, गाडी म्हटले, तेव्हा एका आजोबांनी विचारले, "मग गूगल कोण, वाहतूक पोलीस?" वर्ग हसला आणि माझी उपमा तिथेच पंक्चर झाली.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. याच आजोबांनी घरी वीजबिल भरण्यासाठी पत्ता टाइप करताना डॉटऐवजी मोकळी जागा सोडली, म्हणून संकेतस्थळाऐवजी दुव्यांची यादी उघडली. त्यांनी 'प्रायोजित' लिहिलेला पहिला दुवा उघडला आणि वर कुलूप दिसले म्हणून कार्डाचा क्रमांकही भरला. ओटीपी देण्यापूर्वी मुलीचा फोन आला, म्हणून पैसे वाचले. कुलूप असूनही संकेतस्थळ खोटे कसे, याचे सोप्या भाषेतले उत्तर मला हवे आहे.

प्रतिसाद १
आपली उपमा चांगली आहे, फक्त गूगलला पोलीस न म्हणता पुस्तकाच्या शेवटची सूची म्हणा. सर्च इंजिन असंख्य पाने आधीच वाचून कोणता शब्द कुठे आहे याची नोंद ठेवते आणि आपण विचारल्यावर त्या नोंदींतून यादी काढून देते. ती पाने त्याच्या मालकीची नसतात. घोटाळा होतो तो गूगल हे सर्च इंजिन आणि क्रोम हा ब्राउझर एकाच कंपनीचे असल्यामुळे. शिवाय पत्ता आणि शोध या दोन्हींसाठी चौकट एकच असते: लिहिलेले पत्त्यासारखे दिसले तर ब्राउझर थेट तिथे जातो, नाहीतर ते शब्द सर्च इंजिनकडे पाठवतो. आजोबांच्या बाबतीत नेमके हेच झाले. इंटरनेट आणि वेब, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या संकेतस्थळांचे जाळे, हेही एक नव्हेत. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, तेव्हा इंटरनेट आधीपासून चालू होते आणि त्यावरून ईमेलही जात होते.

प्रतिसाद २
कुलपाचा अर्थ एवढाच की आपण पाठवलेला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पाकीट चिकटवलेले आहे, पण ते चोराच्या घरी चालले आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. लोक त्याला खरेपणाचा शिक्का समजतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये संगणकावरच्या पत्त्याशेजारचे ते चिन्ह बदलले. वर्गात पत्ता वाचायला शिकवा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधावी आणि तिथून उलटे, उजवीकडून डावीकडे वाचावे. 'वीजबिल.अबक.इन' हा पत्ता 'अबक'चा आहे, 'अबक.वीजबिल.इन' मात्र 'वीजबिल' हे नाव ज्याने घेतले त्याचा, मग त्यात 'अबक' कितीही ठळक दिसो. शेवटी 'को.इन' किंवा 'गव्ह.इन' असेल, तर मालकाचे नाव त्याच्या लगेच डावीकडे असते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. उलटे वाचण्याची युक्ती येत्या शनिवारी फळ्यावर लिहून दाखवतो. त्या आजींचा पुढचा प्रश्न आत्ताच आला आहे: प्रत्येक पानावर 'कुकीज स्वीकारा' असे विचारतात, ते नाकारले तर पान बंद पडते का?

प्रतिसाद २
सहसा पडत नाही. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. लॉगिन लक्षात ठेवणारी चिठ्ठी लागते, जाहिरातींसाठी माग काढणारी खुशाल नाकारायला सांगा.