मदत हवी आहे: मुलाच्या टिक्ससाठी नागपुरात थेरपिस्ट

नमस्कार मंडळी, माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, वर्षाच्या वर झालं डोळे मिचकावतो, मान झटकतो आणि आता घसा खाकरल्यासारखा आवाजही काढून राहिला. धंतोलीत न्यूरोलॉजिस्टला दाखवलं तर टूरेट सांगितलं (म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाजांचा, टिक्सचा, मेंदूशी संबंधित त्रास), औषध लगेच नको, आधी सीबीआयटी नावाची बिहेवियर थेरपी करा म्हणाले. त्यात टिक येण्याआधी आत जो ताण जाणवतो तो मुलाला ओळखायला शिकवतात आणि त्याच वेळी टिक होऊच शकणार नाही अशी दुसरी हालचाल करायला लावतात, म्हणजे मान झटकावीशी वाटली की हनुवटी हळूच खाली धरून ठेवायची. तो स्वतःच म्हणतो, "आई, मानेत काहीतरी अडकतं, झटकलं की बरं वाटतं." शाळेत मात्र मुद्दाम करतो म्हणून वर्गाबाहेर उभं करतात, घरी आजी "नको करू नं रे" म्हणत राहते, आणि टोकलं की अजूनच वाढतं. बघवत नाही हो.

नागपुरात ही थेरपी खरंच शिकलेलं कोणी माहीत आहे का? ऑनलाइन केली असेल तर एवढं लहान मूल बसतं का नीट? आणि शाळेला कसं समजावलं तेही सांगा प्लीज, डॉक्टरांचं पत्र दिलं तर ऐकतात का?