मदत हवी आहे: सासरे माळकरी, दोन स्टेंट, आणि ओमेगा थ्री म्हणून चालू असलेलं फिश ऑइल

नमस्कार मंडळी. नाशिकहून लिहितेय, इंदिरानगरला राहतो आम्ही. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय 68, सातपूरच्या एका कंपनीतून रिटायर. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दरवर्षी पायी जायचे ते दीड वर्षापूर्वी दोन स्टेंट टाकल्यापासून गाडीने जातात. औषधं अशी चालू आहेत, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ह्या रक्त पातळ करायच्या दोन, कोलेस्टेरॉलसाठी एक स्टॅटिन आणि बीपीची गोळी. मागच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढून 210 आलं, ते ऐकून माझ्या दिरांनी ओमेगा थ्रीची डबी आणून दिली, हार्टला चांगलं असतं, गुडघ्यालाही चांगलं म्हणून. अण्णांनी दिवसाला तीन सुरू केल्या आणि डॉक्टरांना काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नाहीच, टॉनिक आहे.

गेल्या रविवारी दाढी करताना हनुवटीला बारीकसं कापलं. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला तरी दहा-पंधरा मिनिटं रक्त झिरपत होतं, बनियनच्या गळ्यावर डाग पडले. मग दंड बघितले तर दोन ठिकाणी काळंनिळं, कशावर आपटलं ते त्यांना आठवतही नाही. म्हणून सगळ्या डब्या टेबलावर मांडून वाचायला बसले तर ह्या डबीच्या मागे बारीक अक्षरात फिश ऑइल, आणि कोपऱ्यात चौकोनातला तपकिरी त्रिकोण. पुढून नुसतं मोठ्ठं ओमेगा थ्री. एक कॅप्सूल सुईने टोचली, बोटाला मच्छीबाजारावरून जाताना येतो तो वास. मी डबी कपाटात मागे ढकलली आणि तासभर कोणाशी बोलले नाही.

तेव्हापासून रात्री वाचतेय. मला कळलं ते असं की 1000 एमजीच्या कॅप्सूलमध्ये तेल 1000 एमजी असतं पण त्यातले कामाचे ओमेगा थ्री, ईपीए आणि डीएचए, मिळून साधारण 300च. 2018 च्या व्हायटल नावाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, 25,871 लोक होते, रोज एक ग्रॅमवाली कॅप्सूल दिली, हार्ट ॲटॅक-स्ट्रोक वगैरे सगळं धरून ठळक फरक पडला नाही. त्याच वर्षी डायबिटिसच्या लोकांवर असेंड ट्रायल झाली, तिथेही तेच. पण रिड्यूस-इट नावाच्या ट्रायलमध्ये स्टॅटिनवर असलेल्या, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या लोकांना शुद्ध ईपीएचं औषध रोज चार ग्रॅम दिलं तर हार्ट ॲटॅक-स्ट्रोकसारखे प्रकार 25 टक्क्यांनी कमी झाले म्हणतात, आणि मग 2020 ला स्ट्रेंग्थ ट्रायलमध्ये ईपीए-डीएचए दोन्ही चार ग्रॅम देऊन काहीच फायदा नाही. आता ह्यातलं काय धरायचं?

माझे प्रश्न: रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांवर हे चालतं का, एकदम बंद केलं तर काही होतं का, आणि शाकाहारी काही आहे का, की जवसाची चटणी पुरते? आणि खरा प्रश्न, अण्णांना सांगू का? तीन महिने खाल्लंय त्यांनी. सासूबाई म्हणतात गुपचूप बंद कर, विषय काढू नको.

प्रतिसाद:
ताई, सिडकोत मेडिकल आहे माझं, 20 वर्षं झाली. पहिलं म्हणजे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक दिवसही नाही, स्टेंट बंद पडू शकतो. काळंनिळं बहुतेक ह्या दोन गोळ्यांमुळेच होतं, साध्या डोसच्या फिश ऑइलने रक्तस्राव फार वाढलाय असं मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलं नाही, पण तिन्ही एकत्र चालू आहेत हे कार्डिओलॉजिस्टना माहीत पाहिजेच. शौचाला काळं डांबरासारखं झालं किंवा नाकातून रक्त थांबेना तर वाट बघू नका. फिश ऑइल लगेच बंद केलं तरी चालतं, सवय लागत नाही. दुसरं कोणी सांगत नाही ते असं की डोस जास्त झाला की छातीत अनियमित धडधड, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते, वाढतं, तुम्ही लिहिलेल्या चार ग्रॅमच्या दोन्ही ट्रायल्समध्ये वाढलं होतं. आणि चार ग्रॅम गाठायला तुमच्या डबीतल्या 13-14 कॅप्सूल लागतील, तीनमध्ये ट्रायग्लिसराइडला काय होणार! त्यापेक्षा साखर, मैदा, रात्रीचा भात कमी करा. जवस, अक्रोड जरूर खा, पण त्यातलं ओमेगा थ्री वेगळं, एएलए म्हणतात ते, शरीरात ईपीए-डीएचए व्हायला फार थोडं वळतं. शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल मिळते, मासे स्वतः ते शेवाळातूनच मिळवतात. फक्त हिरवा गोल बघून घ्या, वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं, असू शकतं.

प्रतिसाद:
सांगा ताई. माझ्या वडिलांना आम्ही असंच एक औषध लपवून दिलं होतं, त्यांना बाहेरून कळलं, मग ते आमच्या हातची कुठलीच गोळी घेईनात. तुमच्या अण्णांनी तर आयुष्यभर गोळ्या विश्वासाने घ्यायच्यात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांना डबी दाखवली, त्यांनी बंद करायला सांगितलं, ईसीजी ठीक आहे, बाकीच्या गोळ्या तशाच चालू.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं, दिरांना फोनवर घेऊनच. दीर रडवेले झाले, त्यांनाही माहीत नव्हतं, दुकानदाराने दिली ती घेतली. अण्णा काहीच बोलले नाहीत. हरिपाठाला बसले तेव्हा नेहमीपेक्षा उशिरा उठले, रात्री नुसतं दूध घेतलं. सकाळी चहाच्या वेळी मला म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस पोरी, आणि मग दुसरी डबी पुढे केली, ही गुडघ्याची, हिच्यात पण असलंच काही आहे का बघ.

ग्लुकोसामाइन लिहिलंय त्यावर. मेडिकलवाले दादा, हे कशापासून बनवतात?

प्रतिसाद:
बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून, ताई. मक्यापासून केलेलंही येतं. डबीचा मागचा भाग फोटो काढून इथे टाका, बघून सांगतो.