सोव्हिएत लेखकांना आत्मा एवढा का छळतो?

लोकलवाला_ठाणे: रशियन लेखक झाम्यातिनची ‘वुई’ ही कादंबरी परवा संपवली, लोकलच्या गर्दीत दाराशी उभं राहून. त्यात डॉक्टर नायकाला, म्हणजे डी-५०३ला, सांगतो की प्रकरण गंभीर आहे, तुमच्यात आत्मा तयार झालाय. चक्क आजार! आणि त्यावर उपाय म्हणजे ऑपरेशन करून कल्पनाशक्तीच काढायची. पुस्तक १९२०-२१चं, म्हणजे क्रांती ताजी. मला वाटायचं बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांनी, देवाबरोबर आत्मापण भंगारात काढला. मग त्यावर लिहिणारे हे सगळे विरोधकच का?

परळचा_पाहुणा: भंगारात कुठे, स्टालिनला तर तो हवाच होता की! ऑक्टोबर १९३२मध्ये लेखक गॉर्कीच्या घरी जमलेल्या लेखकांना म्हणाला, तुम्ही मानवी आत्म्याचे इंजिनीयर. म्हणजे आत्मा आहे, फक्त आमच्या मापाचा बनवून द्या.

शाई_आणि_चहा: आणि गंमत बघा, लेखकांमधला खरा इंजिनीयर होता प्लातोनोव. रशियातल्या वोरोनेझकडे विहिरी-तळी खणून घेणारा माणूस, क्रांतीवर मनापासून विश्वास असलेला, त्यामुळे त्याला विरोधकांच्या रांगेत उभं करू नका प्लीज. त्याच्या ‘कोत्लोवान’ (म्हणजे पायाचा खड्डा) कादंबरीतल्या वोश्चेवला तिसाव्या वाढदिवशीच कामावरून काढतात, का तर सगळे काम करत असताना हा विचार करत उभा राहतो. मग हा बाबा वाटेत पडलेलं वाळकं पान उचलून पिशवीत जपून ठेवतो, कारण ते कशासाठी जगलं आणि मेलं हे कोणालातरी माहीत असायला पाहिजे ना. तिकडे मजूर सगळ्या कामगारांसाठी एकच मोठं घर बांधायला पाया खणतायत, खड्डा वाढतच जातो, घर काही उभं राहत नाही. १९३०च्या सुमाराची कादंबरी, रशियात छापली १९८७ला! त्याचा आत्मा वर आकाशात वगैरे नसतो हो, उपाशी, थकलेल्या अंगातच असतो.

गिरगावकर७७: सगळं एवढं रडकं नाहीये हां. ओलेशाची ‘ईर्ष्या’ ही कादंबरी (१९२७) वाचा. एक भाऊ स्वस्त जेवणाची भलीमोठी खानावळ आणि सॉसेज यातच मग्न, दुसरा इवान बाबिचेव प्रेम, मत्सर अशा जुन्या भावनांना एकत्र करून कट रचायला निघालेला, तोही काखेत उशी मारून! मला तर प्लातोनोवपेक्षा हाच जास्त पटतो, कारण यात नवा माणूस आणि जुना माणूस दोघंही हास्यास्पद आहेत.

लोकलवाला_ठाणे: उशी?? बरं, आधी ओलेशा. प्लातोनोव इंग्रजीत कोणाचा घेऊ?

शाई_आणि_चहा: रॉबर्ट चँडलरचा. पण लोकलमध्ये नको, वाक्यं मुद्दाम वेडीवाकडी आहेत, स्टेशन चुकेल.