अनुभव धागा: फोन वाजला तेव्हा हातात काय होतं?

तारीख २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. मी ठाण्याला बाबांकडे होते. चहा झाला होता, पेपर माझ्या हातात होता आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत बातमी होती की उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. तेवढ्यात मावशीचा फोन. "अगं, टीव्ही लाव! फडणवीसांनी शपथ घेतली. अजितदादा उपमुख्यमंत्री!" मी म्हटलं, मावशी, जुना व्हिडिओ असेल, तू हल्ली काहीही फॉरवर्ड करतेस. ती चिडून म्हणाली, टीव्ही लाव म्हणतेय ना.

लावला. खरंच होतं. बाबांनी माझ्या हातातून पेपर घेतला, चष्मा वर करून पानाच्या माथ्यावरची तारीख वाचली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरची वाचली. "पेपर तर आजचाच आहे," असं म्हणून ते परत टीव्हीकडे बघत बसले. ते सरकार २६ तारखेला गेलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी झाला. बाबांनी तो अंक रद्दीत जाऊ दिला नाही. "पेपर चुकला नव्हता, पाच दिवस आधी छापला होता एवढंच," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

तर हा धागा त्यासाठी. निवडणूक, अफवा, ओटीपी, निकाल, सगळं आता भाजी निवडता निवडता मांडीवर येऊन पडतं. असा एखादा प्रसंग लिहा. अट एकच: कोण बरोबर आणि कोण चूक ते इथे नको, त्याला बाकीच्या जागा कमी नाहीत. फोन वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात, हातात काय होतं आणि पुढे काय केलंत, तेवढं सांगा. खरी नावं टाळा.
— तांब्याभांडं

*

हातात डब्याची पिशवी. जून २०२२, पुणे.

मी सांगोल्याचा. आमच्या आमदारांनी गुवाहाटीहून कार्यकर्त्याला केलेला फोन ऑफिसात प्रत्येकाच्या मोबाइलवर वाजत होता. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! सगळी पोट धरून हसत होती आणि मला कळेना, यात हसायचं कशाला? आमच्या घरी असंच बोलतात. रात्री आईला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मग? डोंगाराला डोंगार न्हाय म्हणायचं तर काय म्हणायचं?"

खरं सांगायचं तर पुण्यात आठ वर्षं मी तोंड सांभाळून 'डोंगर' म्हणत होतो. त्या आठवड्यात म्हटलं, आता मरू दे. कँटीनला जाताना बिनधास्त म्हणालो, "चला हाटीलात." पोरं म्हणाली, वा, काय हुबेहूब नक्कल करतोस!
— डाळिंब्या

*

माझ्या हातात खिचडीचा डाव होता. यवतमाळकडची अंगणवाडी, जुलै २०२४.

लाडक्या बहिणीचे फॉर्म आमच्याकडे आले. आत पंचवीस लेकरं आणि दारात साठ बाया. फॉर्म नारीशक्ती दूत ॲपवर भरायचा, फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झाले होते. बाईचा फोटो तिथल्या तिथे काढायचा. फोटो म्हटलं की बाई आधी डोक्यावरून पदर घेणार, मग कुंकू सारखं करणार, मग म्हणणार, "थांबा ताई, चप्पल घालून येते." अगं, तोंडाचा फोटो आहे, चप्पल कशाला! तरी घालून यायच्याच.

वयाची अट २१ ते ६५. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी. जन्म कोणी लिहून ठेवलाय? काढणाऱ्याने अंदाजाने वर्ष टाकलं. एक आजी कागदावर सदुसष्टची निघाली. मी म्हटलं, आजी, बसत नाही. तर ती खालच्या आवाजात म्हणते, "तेव्हा श्रावणबाळचा पगार भेटावा म्हणून दोन-तीन वर्षं जास्तीची सांगितली होती. आता तेवढी काढून टाक ना बाई." जणू भाजीवाल्याशी घासाघीस चाललीय.

मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. आधी बाईचा ओटीपी, मग नवऱ्याचा नाहीतर बापाचा. एकीचा नवरा हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर. तिने त्याला फोन लावला, मी इकडे बटण दाबलं, मेसेज त्याच्याकडे गेला. त्याला वाचता येईना म्हणून त्याने फोन शेजारच्या मिस्त्रीला दिला, आणि मिस्त्रीने सहाही आकडे तेलुगूत सांगितले. मी नुसती बघत राहिले. पण ही बाई दोन हंगाम तिकडे राहून आलेली. एकेक आकडा मराठी करून तिने मला सांगितला आणि वेळ संपायच्या आत काम झालं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाच माहीत.

त्याच दिवशी एक जण सगळ्यांत मागे बसून होती. नंबर आला तरी उठेना. मग म्हणाली, "आमच्या मालकाचा ओटीपी मी कुठून आणू?" पुढे अशा बायांसाठी मृत्यूचा दाखला जमा करून घ्यायची सोय झाली. त्या दिवशी मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा दिला. खिचडी खाली लागली होती, त्याचा वास अजून आठवतो.
— खिचडीवाली ताई

*

४ ऑक्टोबर २०२१, रात्री नऊनंतर. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा सगळंच काही तास बसलं ना, तेव्हाची गोष्ट. हातात विरजणाचं भांडं. वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंना लिहिलं, "चमचाभर दही आहे का?" नुसतं घड्याळाचं चिन्ह. दहा मिनिटांनी पाहिलं, तेच चिन्ह. मुलगा राउटरवर थापा मारत होता. शेवटी जिना चढून गेले. दही नव्हतं. साडेअकरापर्यंत गप्पा मारत बसलो. दुसऱ्या दिवशी दोन निळ्या टिका.
— विरजण

*

डोंबिवली, २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. हातात फोन होता आणि तीच अडचण. केंद्रात फोन न्यायचा नाही हे मी दरवेळी विसरतो. मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक, सगळं फोनमध्येच. दारावरच्या पोलिसाने हसून बाहेर बोट दाखवलं. बाहेर नारळवाला. त्याच्या टोपलीत नारळ कमी आणि फोन जास्त. ना चिठ्ठी, ना नंबर. "कसं ओळखणार?" विचारलं, तर म्हणाला, "साहेब, तुमचा तुम्हाला ओळखता येतो ना?"

त्याच्याकडूनच बॉलपेन घेऊन क्रमांक तळहातावर लिहिला. म्हणजे शाई बोटाला लागण्याआधीच हात निळा. परत आलो तर टोपलीत पाच-सहा फोन एकदम वाजत होते. एकावर 'जय श्रीराम', एकावर 'जय भीम', एकावर पोवाडा. समोरासमोर त्या मालकांचं किती पटलं असतं देवजाणे. तिथे मात्र एकमेकांना टेकून थरथरत होते. मी शहाळं घेतलं. त्याने फोन सांभाळायचे पैसे घेतले नाहीत, पण त्या दिवशी शहाळं दहा रुपयांनी महाग होतं हे नोंदवून ठेवतो.
— खिडकीजवळची सीट

*

बीड. ऑक्टोबर २०२३ चा शेवट. मेडिकल दुकान आहे माझं. आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं, आमदारांची घरं पेटली, संचारबंदी लागली आणि नेट बंद झालं. हातात एका म्हाताऱ्याची इन्सुलिनची बाटली होती, बर्फाच्या पिशवीत गुंडाळत होतो. त्याच्या नातवाने कोड स्कॅन केला. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. काउंटरवरचा तो बोलका डबा, दिवसभर "रुपये प्राप्त हुए" करून डोकं उठवणारा, एकदम मुका.

पोराच्या खिशात एकही नोट नव्हती. त्याची चूक नाही. मी तरी कुठे ठेवतो? खालच्या कप्प्यातून लाल बाडाची उधारीची वही काढली. नोटबंदीनंतर फारशी उघडलीच नव्हती. वरचं शेवटचं नाव ज्याचं होतं, तो माणूस वारून चार वर्षं झालेली. त्याच्याखाली या पोराचं नाव घातलं. संध्याकाळपर्यंत पान भरलं.

नेट बंद केल्यामुळे अफवा थांबल्या असतील असं बाहेरच्यांना वाटत असेल. थांबल्या नाहीत, मोटरसायकलवर बसून यायला लागल्या. फरक इतकाच की सांगणाऱ्याचं तोंड दिसायचं. "तू स्वतः पाहिलंस का?" असं विचारलं की निम्मे जण गाडीला किक मारायचे.

नेट आल्यावर डब्याने एकदम चालू होऊन पहिलं काय सांगावं? पाच रुपये. कोणीतरी चाचणी म्हणून टाकले होते. वहीतले सगळे पैसे आले, दोघांचे सोडून. त्या दोघांची नावं मला पाठ आहेत.
— औषधपाणी

*

न्यू जर्सीहून. विधानसभेची २०२४ ची मतमोजणी भारतात २३ नोव्हेंबरला सकाळी आठला, म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी रात्री साडेनऊला सुरू झाली. हातात भांडी. (डिशवॉशर आहे, पण कढई त्यात जात नाही हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे.) मी अजून भारताचाच नागरिक, पण मत द्यायचं तर तिकडे केंद्रावर जाऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे आपलं काम फक्त घरच्या ग्रुपवर जीव टांगणीला लावायचं.

आमच्या ग्रुपवर दोन गट. एका गटाचे पुढारी कोल्हापूरचे काका. वय ७८. त्यांना टाइप करायला जमत नाही, ते फोनला मराठीत बोलून लिहितात. आणि फोन त्यांच्या कवळीला पुरा पडत नाही. आदल्या रात्री त्यांचा मेसेज आला: "साखर पडणार म्हणजे पडणार, लिहून ठेवा." पाच मिनिटं कोणाला काही सुचेना. मग काकूंचा त्याच घरातून, बहुधा त्याच सोफ्यावरून मेसेज: "चहात घातलेलीच नाही, पडेल कशी? तुम्हाला डॉक्टरांनी बंद सांगितली आहे." त्यावर काका: "साखर नव्हे साखर!" दोन्ही वेळा साखरच.

निकाल काकांच्या म्हणण्याच्या उलटा लागला. साखर काही पडली नाही, महायुतीच्या २३० च्या वर जागा आल्या. दुसऱ्या गटाने फटाके, ढोल, गुलाल सगळं चिकटवलं. काका गप्प. मला राहवेना. कढई तशीच सोडून त्यांना वेगळा फोन लावला. म्हणाले, "राजकारण जाऊ दे रे. तुझ्याकडे बर्फ पडला का?" मी म्हटलं अजून नाही. म्हणाले, "ते तरी पडू दे."
— एडिसनकर

*

वरचे अनुभव वाचून लिहिते आहे. आधी लिहिणार नव्हते, लाज वाटत होती. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. नाशिकला एकटी राहते.

२०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस पंतप्रधान 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल बोलले: असला फोन आला तर थांबा, विचार करा, मग कृती करा. मी ते मनापासून ऐकलं होतं. इतकंच नाही, तर आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर ठळक अक्षरांत पाठवलंही होतं. त्याला बावीस अंगठे मिळाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी मला फोन आला.

हातात मटार होते. ताट मांडीवर. व्हिडिओ कॉल, पलीकडे खाकी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. माझ्या आधारवर सिम काढलं आहे, त्यावरून गुन्हा झाला आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. सगळं अगदी ऐकलं होतं तसंच. आणि तरीही मी हलले नाही. "होय साहेब" म्हणत राहिले. वर्गात मोठ्या आवाजाने दटावलं की हुशार मुलगीसुद्धा पाढा विसरते, तसं झालं माझं. पाऊण तास झाला. मुदत ठेवीची पावती कपाटात आहे हेही मी सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात दाराची बेल. सिलिंडर. गॅसवाला जाळीच्या दारातून ओरडला, "मॅडम, कोड सांगा!" तुम्हाला माहीतच आहे, मेसेजमधला कोड दिल्याशिवाय तो सिलिंडर सोडत नाही. खाकीवाला म्हणतो हलू नका, गॅसवाला म्हणतो कोड द्या. आणि माझ्या अंगातली गृहिणी जिंकली हो. सिलिंडर परत गेला तर पुन्हा कधी येईल कोण जाणे! फोन हातात घेऊन दाराशी गेले. मेसेज बघायला लागले, तर स्क्रीनवरून खाकीवाला खेकसला. गॅसवाल्याने ते ऐकलं. त्याने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरचं सिलिंडर खाली न ठेवताच म्हणाला, "मॅडम, हे लोक माझ्या बहिणीलाही आले होते. बंद करा. लाल बटण दाबा."

मी दाबलं. त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर मला स्वतः लावून दिला. मग शांतपणे म्हणाला, "आता माझा कोड."

पैसे गेले नाहीत. ग्रुपवर हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. ते बावीस अंगठे डोळ्यांसमोर येतात.
— खडूफळा

*

खडूफळा बाई, गॅसवाल्याला काही दिलंत की नाही? आणि मटारांचं काय झालं?
— डाळिंब्या

*

दिलं, घेत नव्हता. मग चहा घेतला. मटार दाराकडे धावताना सांडले होते. ते दोघांनी मिळून गोळा केले, फ्रिजखाली गेलेले सोडून.
— खडूफळा